बिनडागाचा सुरय

मालवणला लोक जातात ते किल्ला बघायला, मासे खायला, नाहीतर सासुरवाडीला. आम्ही गेलो ते एका पक्ष्याची भुवई बघायला. परत आल्यापासून हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आमच्या ह्यांच्याकडे, सहानुभूतीने. तेव्हा भुवईचं प्रकरण आधी उरकून घेते.

मी कोल्हापूरच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. दर रविवारी सकाळी आम्ही काही पक्षीवेडे रंकाळ्यावर जमतो. आमचे म्होरके नाना. नाना निवृत्त वकील आहेत, पण ते फक्त कोर्टातून. रंकाळ्यावर त्यांचं कोर्ट अजून भरतं. कोणी म्हणालं, "ती बघा पाणकोंबडी," की नाना विचारणार, "कशावरून?"

गेल्या वर्षी शाळेची सहल घेऊन मी मालवणला गेले होते. किल्ल्यावर जाताना होडीवरून एक काळ्या पाठीचा सुरय सरकन निघून गेला. सुरय म्हणजे कुरवाचा, म्हणजे सीगलचा, सडपातळ चुलतभाऊ: पंख टोकदार, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. आपल्या समुद्रावर गडद पाठीचे सुरय दोन. त्यांची नावं आम्हीच आपापसात ठेवलेली आहेत, काजळी आणि लगामी. काजळीची पाठ एकसारखी काळी, आणि कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी येऊन थांबतो. लगामीची पाठ जरा तपकिरी, मानेवर फिकी पट्टी, आणि कपाळाचा पांढरा पट्टा डोळ्याच्याही मागे बारीक भुवईसारखा ओढलेला. फरक आहे तो एवढाच, आणि पक्षी डोळ्यांसमोर राहतो तो शिंक येऊन जाईपर्यंत.

मी पाहिला त्याला भुवई नव्हती. मी परत येऊन "काजळी" म्हणून जाहीर केलं.

नाना म्हणाले, "लगामी तिकडे नेहमीचा. काजळी खोल समुद्रातला, किनाऱ्याला सहसा फिरकत नाही. बाई, पुरावा?"

पुरावा कुठून आणू? साक्षीदार म्हणून होडीत सातवीच्या मुली होत्या, त्यांतल्या निम्म्या ओकत होत्या आणि निम्म्या त्यांना हसत होत्या. नानांनी आमच्या यादीत माझ्या काजळीपुढे एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते तिथेच राहिलं असतं तरी चाललं असतं, पण ते माझ्या मागे लागलं. त्यानंतर मी साधा खंड्या दाखवला तरी कोणीतरी विचारायचं, "प्रश्नचिन्हासकट का, बाई?" वर्षभर मी दाखवलेल्या प्रत्येक पक्ष्यासाठी सगळ्यांच्या दुर्बिणी वर जात, आणि खात्री झाल्यावरच मंडळी मान हलवत. मला ते फार लागत होतं. मुलींना मी आयुष्यभर सांगत आले, की नीट बघा आणि जे दिसलं तेच बोला. आणि इथे माझ्याच बघण्यावर कोणाचा भरवसा राहिला नव्हता.

यादी पावसाळ्यानंतर छापायची होती. म्हणून मे महिन्यात, सुट्टी लागल्या लागल्या, मी ह्यांना म्हटलं, "अहो, चला मालवणला. मला त्या सुरयाचा फोटो हवाय, आणि उडतानाचाच हवाय."

"बसलेला का नको?" ह्यांनी विचारलं.

"तो समुद्रात बसतो कुठे?"

ह्यांना छायाचित्रणाचा नाद आहे, आणि नाद असलेल्या माणसाला हो म्हणायला फार कारण लागत नाही.

मालवण, माईंच्या घरी

एसटीने फोंडाघाट उतरलो. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की ह्यांनी मित्राकडून मागून आणलेल्या दुधाच्या किटलीएवढ्या लेन्सला बसायला जागा मिळाली आणि मला कणकवलीपर्यंत मिळाली नाही.

उतरलो ते दांडी नावाच्या किनाऱ्यावरच्या वाडीत, ह्यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईकडे. त्यांना सगळी वाडी माई म्हणते, आम्हीही म्हणू लागलो. माईंनी पाय धुवायला पाणी दिलं, कोकमाचं सरबत दिलं आणि मग त्या लेन्सकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या काय?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. माई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पाखराचो फोटो काढूक इतक्या लांब इलास? कोल्लापुरात कावळे नाय?"

जेवायला भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आमचे हे अस्सल कोल्हापूरकर. तांबडा रस्सा प्यायल्यावर कपाळाला घाम आला नाही तर आचाऱ्याला बोलावून जाब विचारणारे. पहिल्या घासाला म्हणाले, "आमच्याकडे याला अळणी म्हणतात." माईंनी ते लक्षात ठेवलं. संध्याकाळच्या जेवणात त्यांनी ह्यांच्या ताटात वेगळं कालवण वाढलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि सोलकढीचं भांडं जवळजवळ एकट्यांनी संपवलं. माई पदराआड हसत म्हणाल्या, "आता लागला मा?" त्यानंतर आमच्या मुक्कामात कोल्हापूरच्या रश्शाचं नाव निघालं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. इथे आग्रह नाही, विचारणंही नाही. ताट रिकामं दिसलं की त्यात काहीतरी येऊन पडतं. नको म्हणायचं तर हात ताटावर आडवा धरावा लागतो, आणि धरला तर माई बोटांच्या फटीतून वाढतात.

समुद्रावर

माईंनीच बाबल तांडेलांची होडी ठरवून दिली. बाबल पन्नाशीचे, गडी तोंडाने फटकळ. यंत्राची होडी, सोबत त्यांचा भाऊ आणि जाळं. मी विचारलं, जाळं कशाला? तर म्हणाले, "असूं दे. जाळ्याशिवाय होडी बरी दिसत नाय."

पहाटेच निघालो. किल्ला मागे पडेपर्यंत ह्यांनी मला व्याख्यान दिलं: उडता पक्षी पकडायचा तर शटर एक हजारावर हवं, पक्ष्याबरोबर लेन्स फिरवत न्यायची, थांबायचं नाही. फार उत्तम व्याख्यान होतं. किल्ला मागे पडला, होडीखाली खऱ्या लाटा आल्या, आणि व्याख्याते काठावर ओणवे झाले.

"सायबांका दर्या लागलो," बाबल म्हणाले, आणि लिंबू काढून दिलं. दर्यावर निघताना ते खिशात लिंबू ठेवतात, ते असल्या सायबांसाठीच असावं.

अशा रीतीने कॅमेरा माझ्याकडे आला. आयुष्यात मी वाढदिवसांचे फोटो काढलेले, तेही डोकी कापून. त्या किटलीतून समुद्र बघितला तर नुसतं निळं निळं काहीतरी वरखाली होत होतं. पक्षी दिसला म्हणून कॅमेरा उचलावा तर आत आकाश. आकाशात शोधावा तर आत बाबल तांडेलांचा कान. खालून ह्यांचा क्षीण आवाज यायचा, "एक हजार... एक हजारावर ठेव गं..." आणि मग ते पुन्हा काठावर.

बराच वेळ कुरव दिसले, साधे तुरेवाले सुरय दिसले, पण गडद पाठीचा एकही नाही. मी बाबलना विचारलं, "काळ्या पाठीची पाखरं कुठे असतात?"

"काळी, गोरी माका काय म्हायत? सगळी माझ्याआदी मासो खातत, इतक्याच म्हायत," ते म्हणाले. मग अचानक उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडले, "थंय बगा! पाखरां पडतत. पेडवो आसा थंय!"

पेडवे म्हणजे छोटे चंदेरी मासे. लांबवर पाण्यावर पक्ष्यांचा गोंधळ चालला होता. होडी वळली. बाबलच्या डोळ्यांत आता आम्ही उरलोच नव्हतो.

"बाबल, आधी फोटो!" मी ओरडले.

"बाय, आदी जाळां मारतंय, मगे तुमचो फोटो. पाखरां रवतली, मासो रवाचो नाय."

त्यांनी जाळं मारलं, आणि त्यामुळेच माझं काम झालं. जाळ्याभोवती पेडवे उसळले आणि पक्षी आमच्या डोक्यावर येऊन कोसळू लागले. त्या गर्दीत मला तो दिसला: गडद पाठ, पांढरं पोट, कात्रीची शेपटी. भुवई आहे की नाही बघायला वेळ नव्हता. मी किटली फिरवत राहिले, बटण दाबत राहिले. एकदा लेन्स बाबलच्या भावाच्या पाठीत बसली, एकदा पेडव्यांच्या टोपलीत. रोल संपला तेव्हा लेन्सला खवले चिकटले होते, माझ्या केसांत खवले होते, आणि मी वेड्यासारखी हसत होते.

"गावलो?" बाबलनी विचारलं.

"गावलो की नाही ते फोटो धुतल्यावर कळेल."

"आमचा बरा," टोपलीकडे बघत ते म्हणाले. "आमका हंयच कळता."

पास्कूमामांचा स्टुडिओ

ह्यांचं म्हणणं, रोल कोल्हापूरला न नेता इथेच धुवावा. काही आलं नाही तर पुन्हा समुद्रावर जाता येईल. 'पुन्हा समुद्रावर' म्हणताना त्यांचा चेहरा लिंबासारखा झाला, पण म्हणाले खरे.

बाजारपेठेत पास्कूमामांचा स्टुडिओ आहे. पास्कूमाम साठीचे, शर्टाला वरपर्यंत गुंड्या, गळ्यात क्रूस. काचेच्या कपाटात लग्नाचे फोटो: हिंदू जोडपी, ख्रिस्ती जोडपी, मुंडावळ्या आणि पांढरे झगे, सगळी लंबगोल चौकटीत. आमच्या कोल्हापुरात फोटो काढताना माणसं ताठ बसतात. इथल्या फोटोंत ताठपणा तोच, पण एकूण एक चेहरा लोण्यासारखा नितळ. मला वाटलं, माशांचा गुण असेल.

मी त्यांना बजावून सांगितलं, "मामा, फार महत्त्वाचे फोटो आहेत. तोंड स्पष्ट दिसलं पाहिजे."

"बाय, चिंता करू नको. माज्याकडसून तोंड साफच येता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बऱ्याच चौकटींत समुद्र होता, काहींत बाबलचा भाऊ होता, आणि एकात, अगदी मधोमध, पंख पसरलेला माझा सुरय. पास्कूमामांनी तो एकच मोठा केला होता, लंबगोलात बसवला होता, पुठ्ठ्यावर चिकटवून वर पातळ कागदाचा पडदासुद्धा लावला होता. मी पडदा उचलला. पाठ काळीभोर. मान काळीभोर. कपाळाचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी येऊन थांबलेला. भुवई नाही!

"काजळी!" मी स्टुडिओत ओरडले. "अहो, काजळी आहे! नाना काय म्हणतात ते बघतेच आता!"

ह्यांनी फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अगं," ते म्हणाले, "हा आपल्याकडे बघून हसतोय का?"

पक्ष्याच्या डोळ्यात एक चमकदार पांढरा ठिपका होता. काळ्या डोक्यातला काळा डोळा, शिवाय पक्षी उडता, आणि त्यात लग्नाच्या फोटोतल्यासारखी चमक. मी फोटो ह्यांच्या हातून काढून घेतला.

"मामा, हा डोळा..."

पास्कूमाम खुलले. "दिसलो मा? डोळो दिसाच नाय होतो. काळ्यात काळो. मगे मी डोळ्यात जीव घातलंय."

"आणखी काय केलंत?"

"पाखरू घाणेरडां होतां, बाय. फोटो बरो, पन पाखरू घाणेरडां. डोळ्याच्या मागे पांढरो ओरखाडो, मानेर फिको डाग. ब्रश घेऊन सगळां साफ केलंय. निगेटिव्ह बारीक आसा, नायतर थंयच साफ करतलंय होतंय."

मी निगेटिव्ह मागून घेतली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. डोळ्यामागे एक बारीक, सुरेख, काळी रेघ ओढलेली होती. भुवई. मानेवर पट्टीही होती. लगामी, शंभर नंबरी.

"मामा," मी म्हटलं, "तो ओरखडा नव्हता. ती त्याची भुवई होती. मी त्या भुवईसाठीच कोल्हापूरहून आले होते."

पास्कूमामांनी कपाटातल्या लग्नाच्या फोटोंकडे बोट केलं. मग म्हणाले, "आता माका सांग, व्हकलेच्या गालार तीळ आसलो, तर तो तिचोच आसता मा?" व्हकल म्हणजे नवरी, आवस म्हणजे आई. "तरी तिची आवस माका सांगता, पास्कू, तीळ काढ. इतकी वर्सां मी तीळ काढतंय, देवीचे वण काढतंय. कोणी येऊन म्हणाक नाय, की माजो तीळ परत दी."

"मला तीळ परत हवाय. जसा आहे तसा एक फोटो करून द्या."

"डाग आसलेलो?"

"डाग असलेला."

त्यांनी फोटो उलटा केला. मागे स्टुडिओचा निळा शिक्का होता. "ह्यो शिक्को माज्या बापाशीचो," ते म्हणाले. "ह्या शिक्क्याखाली डाग आसलेलो फोटो भायर जाऊक नाय आणि जावचो नाय. रागाव नको, बाय. तुजां पाखरू लगीन करूक उभ्या रवला तरी आता कोण नाय म्हणाचो नाय."

मी रागवणार होते, पण ते इतक्या प्रेमाने त्या फोटोवरचा कागद सारखा करत होते की मला हसू फुटलं. निगेटिव्ह पाकिटात घातली, पुठ्ठ्यावरचा नवरदेव काखेत मारला आणि निघाले.

परत

कोल्हापूरच्या एसटीत ह्यांनी तो विषय काढला. "एक विचारू? नानांना निगेटिव्ह दाखवायलाच हवी का?"

"म्हणजे?"

"फोटो आहे. मालवणचा आहे. तू काढलेला आहे. काजळी आहे. नानांना हवा होता पुरावा, हा घ्या पुरावा."

मी त्यांना फाडून खाल्लं. शास्त्राची शिक्षिका आहे मी, असं म्हटलं. मग घाट लागला, मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि खरं सांगते, संपूर्ण घाटभर मी त्याचाच विचार करत होते. नाना फोटो बघतायत, नाना गप्प झालेत, नाना प्रश्नचिन्ह खोडतायत. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत मी नानांना तीनदा तरी माफी मागायला लावली होती.

रविवारी पक्षी बघून झाल्यावर सगळे नानांच्या घरी पोहे खायला बसलो होतो. मी पुठ्ठा पुढे केला. पडदा उचलला. पोह्याच्या बश्या खाली गेल्या. नानांनी भिंग आणलं, चष्मा बदलला, फोटो खिडकीपाशी नेला. कपाळ पाहिलं, मान पाहिली, पाठ पाहिली. डोळ्यातल्या चमकेपाशी थांबले आणि म्हणाले, "काय स्पष्ट आलाय डोळा!"

मग ते सगळ्यांकडे वळले. "शंकाच नाही. काजळी. भुवईचा मागमूस नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, वर्षभर तुमच्या शब्दावर अविश्वास दाखवला. मी माफी मागतो. सगळ्यांच्या वतीने."

कोणीतरी टाळी वाजवली. मी चहाचा कप उचलला. तो चहा मी अगदी सावकाश प्याले, शेवटच्या घोटापर्यंत. वर्षभर ज्यासाठी जळत होते ते सगळं समोर होतं, आणि ते मला मनापासून आवडत होतं. पण फोटोकडे नजर गेली की तो सुरय माझ्याकडे बघून हसत होता. तो माझा पक्षी नव्हताच. तो पास्कूमामांचा होता.

"नाना," मी कप खाली ठेवून म्हटलं, "आता हे जरा उजेडाला धरा."

त्यांनी निगेटिव्ह धरली. बराच वेळ धरली. मग मी त्यांना तीळ, वण, ओरखडा, सगळं सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे," नाना हळूहळू म्हणाले, "साक्षीदाराला पावडर लावून उभं केलं होतं. आणि मी ओळख पटवली!" ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "बाई, तुम्ही बोलला नसता तर?"

"तर काजळी छापला गेला असता, तुमच्या सहीने."

या वर्षीचा पक्षी माझ्या नावावर लगामी म्हणून लागला. गेल्या वर्षीच्या काजळीपुढचं प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. तो खरा कोणता होता ते आता त्या समुद्रालाच माहीत. मी वाद घातला नाही. पुठ्ठ्यावरचा फोटो नानांनी मागून घेतला आणि बैठकीत टांगला, आणि घरी येणारे त्यांना विचारतात, ह्या पाखराचं लग्न झालं का?

पुढच्या रविवारी रंकाळ्यावर आभाळ भरून आलं होतं. पलीकडच्या काठाजवळ पाण्यावर काहीतरी पांढुरकं, टोकदार पंखांचं वळून गेलं. मी सवयीने म्हटलं, "नदी सुरय." आणि सवयीनेच थांबले, दुर्बिणी वर जायची वाट बघत.

एकही वर गेली नाही. नानांनी तर तिकडे मानसुद्धा वळवली नाही. "नदी सुरय, एक," म्हणत ते लिहून मोकळे झाले आणि पुढे चालू लागले, त्यांच्या मागे बाकीचे.

मी एकटीच काठावर थांबले आणि घाईघाईने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.